डीलियाच्या पिंपातले बटाटे

ऑगस्ट निम्मा सरला होता. लोक पहिल्या बटाट्यांची काढणी करत होते, आणि डीलिया गोरम बटाटे लावत होती.

तेही रानात नाही. घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला चिकटून, सिमेंटच्या अंगणात, पिंपांत. बंदरावर खारवलेले बांगडे भरून झाल्यावर फेकून दिलेली दोन लाकडी पिंपं तिनं आणली, करवतीनं मधोमध कापून त्यांची चार केली, सळई तापवून बुडाला भोकं पाडली. खाली किनाऱ्यावरून गोळा केलेलं शेवाळ, वर गोठ्यातलं जुनं खत आणि ओढ्याकाठची काळी माती. दोन दिवस तिची ही उस्तवार चालली होती आणि दोन दिवस वाटेपलीकडच्या दगडी गडग्यावर कोपरं टेकून फेस्टी मल्केरिन ती बघत होता.

"काय गं डीलिया, मासं पुरतीयास व्हय?"

"बटाटं लावतीय."

"आता? लोकांचं ताटात आलं अन् तू लावाया बसलीस?"

"आगाप बेण्यातलं थोडं राखून ठेवलं होतं. आता लावलं की नाताळला कवळं निघत्यात. माझी मावशी काढायची."

"पिंपात?"

"मग कुठं लावू? माझ्याकडं रान राहिलंय कुठं?"

ते खरंच होतं. नवरा गेला तशी जमीन दिराच्या घरात गेली आणि डीलिया सडकेकडेच्या दोन खोल्यांत आली. रान म्हणून तिच्या वाट्याला हे सिमेंटचं अंगण. आमच्या लेटरबान गावात माणूस दुकानातून साखर आणी, चहा आणी, पायातले बूट आणी. पण बटाटा विकत आणला की त्या घराचं बूड गेलं, असं लोक धरत. कोनेमाराच्या त्या टोकाला मातीपेक्षा खडक जास्त. तरी खडकावर टोपलीटोपलीनं माती नेऊन लोकांनी वाफे केले होते, ते याच्यासाठीच.

"बटाट्याला रान लागतं, बाई," फेस्टी म्हणाला. "लांब मुळं पसरायला लागत्यात. पिंपात बटाटा म्हंजी पाद्री न्हाणीघरात प्रवचन देतोय म्हण. आवाज मोठा, ऐकणारं कुणी न्हाई!"

त्याच वेळी सायकलवरून टपाल वाटत चाललेला बार्टली तिथं उभा होता. त्याला एवढंच हवं होतं. संध्याकाळपर्यंत पाद्र्याचं न्हाणीघर गावातल्या प्रत्येक घरी पत्राबरोबर पोचलं.

मोड आलेलं बेणं डीलियानं एकेक करून, त्याचे डोळे वर ठेवून, मातीत बसवलं. जसं बाळ पाळण्यात ठेवावं तसं.

फेस्टी वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ऐकताना तुम्हाला तसं वाटेल. साठी ओलांडलेला, बिनलग्नाचा, एकट्याचा संसार. एकदा कुणाचा तरी मेंढा चुकून त्याच्या कळपात आला, तर मालक शोधत हा पावसात आठ मैल चालत गेला होता. खोटं बोलताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. पण त्याला आपल्या बटाट्यांचा गर्व होता. बाप सांगायचा, आजा सांगायचा, तसं तोही सांगायचा, की मल्केरिनच्या पेवातला बटाटा मे महिन्यापर्यंत कडक असतो. आणि गर्व माणसाला कुठं नेऊन सोडेल याचा नेम नसतो.

त्या साली जून-जुलै सगळा धुक्यात गेला होता. दमट, उबट, वारा नाही. करपा रोगाचीच हवा. शेजारपाजारचे लोक पाठीवर पंप बांधून मोरचूद-चुन्याचं पाणी मारत होते. फेस्टी म्हणाला, "वारा फिरंल दोन दिसांत. माझ्या पाल्याला काय बी होत न्हाई." वारा आठ दिवसांनी फिरला. तोवर पानांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. त्यानं घाईनं पाला कापला, कुणाला दिसू नये म्हणून भल्या पहाटे जाळून टाकला, आणि ऑक्टोबरात बटाटे काढले. दिसायला चांगले होते. त्यानं खड्डा घेतला, पेंढा अंथरला, बटाट्यांची रास रचली, वर पुन्हा पेंढा आणि मातीचा थर दिला. पेवावर फावड्यानं थापटत तो वाटेवरच्यांना म्हणाला, "बघा. ह्यो मल्केरिनचा ढीग. लागलं तर या मागाया."

डीलियाची पिंपं मात्र पानांनी भरून गेली. ती रोज भर द्यायची. रोप वर आलं की माती, पुन्हा वर आलं की माती, करता करता पिंपं काठोकाठ भरली. सप्टेंबरच्या वादळात तिनं नवऱ्याचा जुना कोट आणि घरातली दोन कांबळी पिंपांना गुंडाळली. बार्टली विचारायचा, "काय म्हणत्यात लेकरं? दूध पित्यात का?" नोव्हेंबरात पाला पिवळा पडला तसा तिनं तो मातीलगत कापला, वर पेंढा घातला आणि वरून गोणपाट बांधलं.

"उकरून बघ की एकदा," बायका म्हणायच्या.

"नगं. मधीच उकरलं की गार वारा शिरतो. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी समद्यांनी या. अंगणात पिंपं उलटी करीन. तिथंच उकडू, मीठ-लोणी लावून खाऊ."

इकडं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फेस्टीला बॉस्टनहून पत्र आलं. धाकटी बहीण नोनी बावीस वर्षांनी येत होती. पत्रात लिहिलं होतं, "दादा, माझ्यासाठी काही करू नकोस. भाजलेला हंस नको, केक नको. आपल्या घरचा बटाटा खायला येतेय मी. इथले बटाटे म्हणजे ओला साबण."

फेस्टीनं पत्र तीनदा वाचलं आणि फावडं घेऊन पेवाकडं गेला. कडेची माती ओढली, पेंढा बाजूला केला, आणि आतून जो वास आला त्यानं तो दोन पावलं मागं सरला. हात घातला तर बोटं सरळ आत गेली. काळा, चिकट रेंदा. एकाला लागलं की दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. सगळी रास आतून बसली होती. कोपरापर्यंत हात घालून त्यानं चारी बाजूंनी चाचपलं. चांगला म्हणावा असा एक बटाटा हाती लागला नाही.

त्यानं पेंढा परत लोटला, माती ओढली, वर थापटलं. मग ओढ्यावर जाऊन हात धुतले. थंडीनं बधिर होईपर्यंत धूत राहिला.

आता यात काय मोठं होतं? त्या साली करपा सगळ्यांनाच थोडाफार लागला होता. कुणाही दारात जाऊन "बादलीभर दे रं" म्हटलं असतं तर कुणीही दिले असते. पण "लागलं तर या मागाया" हे त्याचेच शब्द होते. आणि गावात विकत घेतले असते तर दुकानवालीनं पिशवी भरायच्या आत गावाला कळवलं असतं. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगू. दुपारी कुणीतरी वाटेवर भेटायचं, म्हणायचं, "नोनी येतीय म्हणं! चैन हाय तिची, भावाचं पेव भरलंय." आणि हा म्हणायचा, "व्हय तर."

बावीस डिसेंबरला सकाळी बाजाराच्या बसनं गावातल्या बायका क्लिफडनला गेल्या. डीलियाही गेली. दव गोठून गडगे पांढरे झाले होते. वारा नव्हता, कुत्रं भुंकत नव्हतं. फेस्टी गोठ्यातून बादली घेऊन निघाला. कुठं, हे त्यानं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. वाट ओलांडताना मनाशी म्हणाला, नुसतं बघायचं. पिंपात काय होतं-न होतं तेवढं बघायचं.

गोणपाटाची गाठ सोडली. पेंढा सारला. माती कोमट होती. बाहेर सगळं गोठलेलं आणि आत ऊब. त्यानं हात खुपसला आणि वीतभर खाली बोटांना लागले. गोल, गुळगुळीत, एकाला एक लागून. एक बाहेर काढला. कोंबडीच्या अंड्याएवढा, फिकट, ओल्या मातीत चमकणारा. अंगठा फिरवला तर साल पापुद्र्यासारखी निघाली.

"आयला," तो मोठ्यानं म्हणाला. त्यात आधी नवल होतं. लालूच नंतर आली.

दोन घेतले. मग चार. नोनीच्या एका जेवणापुरते. मग वाटलं, एका जेवणानं काय होतंय, पंधरा दिवस राहणार ती. पहिलं पिंप रिकामं झालं. आणि तिथं उकिडवा बसलेला असताना त्याच्या डोक्यात जो विचार आला, त्याची लाज त्याला चोरीपेक्षा जास्त वाटत राहिली. विचार असा, की एकच पिंप रिकामं निघालं तर ती चोरी ठरंल. चारही रिकामी निघाली तर ती तिची हार.

त्यानं चारही पिंपं उपसली. माती पुन्हा भरली, हातानं सारखी केली, पेंढा होता तसा घातला, गाठ होती तशीच मारली. बादली दोनदा भरली. जाताना अंगणातली सांडलेली माती टोपीनं झाडली.

दुसऱ्या दिवशी नोनी आली. दारातच रडली, भिंतीला हात लावून रडली, भावाला बघून म्हणाली, "किती वाळलास रे!" संध्याकाळी डीलिया भेटायला आली. दोघी एका बाकावर शिकलेल्या. हसून हसून दोघींची पोटं दुखली.

"उद्या ये हां दुपारी," डीलिया म्हणाली. "तुझा भाऊ म्हणतो, पिंपात बटाटं होत न्हाईत. उद्या त्याला दावते."

"दादा, तू असं म्हणालास?"

"म्हणालो होतो," फेस्टी चुलीतलं जळण सारखं करत म्हणाला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी डीलियाच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. बार्टलीनं घरोघर आवतण पोचवलं होतं. स्वच्छ ऊन पडलं होतं. बाकावर तिनं टेबलाचं पांढरं कापड अंथरलं होतं, त्यावर लोण्याचा गोळा, मीठ आणि गावभरातून मागून आणलेल्या बशा. आत चुलीवर मोठ्या भांड्यात पाणी उकळत ठेवलेलं. झाकण खडखडत होतं ते बाहेर ऐकू येत होतं.

डीलियानं बाह्या वर केल्या. "बार्टली, धर त्या बाजूनं."

दोघांनी पहिलं पिंप आडवं केलं. माती धपकन फरशीवर पडली. डीलिया गुडघ्यावर बसली, दोन्ही हातांनी माती पसरली. पसरत राहिली. ढेकळं फोडली.

"ह्यात न्हाई लागलं वाटतं," ती म्हणाली. "सावलीकडचं व्हतं हे."

दुसरं उलटलं. माती. तिसरं उलटलं. त्यातून गोटीएवढे दोन निघाले, फेस्टीच्या बोटांतून निसटलेले. कुणीतरी हसलं. चौथं तिनं एकटीनंच ओढून पाडलं, आणि मातीत हात घातल्यावर बराच वेळ ते बाहेर काढले नाहीत. आत झाकण खडखडत होतं.

"पाणी जास्ती झालं असंल," ती म्हणाली.

"व्हतं असं," एक बाई म्हणाली.

बार्टलीला शांतता सोसत नसे. तो म्हणाला, "अरं फेस्टी, तू जिंकलास की गड्या! बोल की काहीतरी. तुझाच दिवस हाय."

सगळे फेस्टीकडं बघायला लागले. नोनीही. आणि फेस्टीनं तोंड उघडलं. का उघडलं ते देव जाणे. गप्प राहिलो तर चेहरा वाचतील, अशी भीती असेल.

"पिंप बांगड्याचं हाय, डीलिया," तो म्हणाला. "पुढच्या वर्साला बांगडं पेर."

अंगण हसलं. मनात काही ठेवून नव्हे, पण हसलं. डीलियाही हसली. मातीचे हात मांडीला पुसत ती उठली, बाकावरचं कापड तिनं चारी कोपऱ्यांनी बशांसकट गोळा केलं आणि आत गेली. थोड्या वेळानं झाकणाचा आवाज थांबला.

घरी येताना नोनी म्हणाली, "तू ते बोलायला नको होतंस."

"नको होतं," फेस्टी म्हणाला.

"उद्या तिला जेवायला बोलावलंय मी. एकटी कुठं बसेल नाताळला?"

तो वाटेतच थांबला. पण नाही कसं म्हणणार?

नाताळच्या दुपारी तिघं टेबलाशी बसली. नोनीनं स्वतः स्वयंपाक केला होता. हंस भाजला होता, आणि मधोमध परातीत वाफाळणारे बटाटे, सालीसकट उकडलेले. फेस्टीनं सकाळी म्हटलं होतं, सोलून कुस्करून टाक. नोनीनं डोळे वटारले होते. "बावीस वर्षांनी आलेय मी. कुस्करून?"

तिनं एक बटाटा उचलला, फुंकर मारली, अंगठा फिरवला. "अगं बघ तर डीलिया! साल कशी बोटानं सुटतेय. आई पेवातले काढायची ते नाताळपर्यंत किती जाड सालीचे व्हायचे, आठवतं? सुरीनं सोलावे लागायचे. हे जसे काही काल रानातून काढलेत."

डीलियाच्या हातात बटाटा होता. तिनंही अंगठा फिरवला. साल सरकली. तिनं बटाटा फोडला, आतला पिवळसर गर बघितला. मग मान वर करून फेस्टीकडं पाहिलं. रागानं नाही. पत्ता वाचावा तसं पाहिलं, नीट, शेवटपर्यंत.

फेस्टीचा घास तोंडात तसाच राहिला.

"काय झालं?" नोनी म्हणाली. "चांगला नाही का?"

"न्हाई, चांगला हाय," डीलिया म्हणाली. "लई चांगला हाय. कसा असंल, असं रोज वाटायचं. आज खाल्ला."

"आमच्या दादाचा हात आहे तो. असा हात दुसऱ्या कुणाचा नाही बघ."

"ते खरं," डीलिया मीठ घेत म्हणाली. "तुझ्या दादाचा हात लई लांब पोचतो."

नोनी हसली. तिला ते कौतुक वाटलं. डीलियानं तीन बटाटे खाल्ले, सावकाश, लोणी लावून, सालीचा एक तुकडाही बशीत न ठेवता. मग तोंड पुसलं, नोनीच्या गालाचा मुका घेतला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेस्टी तिच्या दारात उभा राहिला. ती रिकामी पिंपं घासत होती.

"डीलिया, म्या..."

"मला ठावं हाय."

"माझं पेव सडलं. नोनी येणार होती. म्या नुसतं बघाया आलो होतो..."

"मला कशाला सांगतूस?" ती घासायची थांबली नाही. "मला कालच कळलं. अंगणात वीस माणसं उभी व्हती, फेस्टी. त्यांना कळलंय का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"माझं बटाटं तू मागितलं असतंस तर म्या निम्मं दिलं असतं. नोनी माझी बी कुणीतरी लागते. चोरलंस, ते एक येळ सोडून देईन. भुकेनं माणूस चोरतो, लाजेनं बी चोरतो. पण ते बांगड्याचं बोललास ना..." तिनं ब्रश बादलीत टाकला. "म्या तुझ्याकडं बघत व्हते तवा. मला वाटलं, ह्यो तरी काय बोलणार न्हाई. जा आता."

रविवारी प्रार्थना संपली आणि नेहमीप्रमाणे पुरुषमंडळी चर्चच्या फाटकाशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. फेस्टी त्यांच्यासमोर गेला. टोपी काढून हातात धरली. चार रात्री त्याला झोप नव्हती.

"मला बोलायचंय," तो म्हणाला. "डीलियाच्या पिंपात बटाटं व्हतं. चारीच्या चारी भरून. ते म्या चोरलं. बावीस तारखेला, बाया बाजारला गेल्या तवा. म्या चोर हाय."

मग बार्टलीनं पुढं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे पाणावले होते.

"फेस्टी, लेका. एवढं मन?"

"काय?"

"बाईची इज्जत राखाया सोत्ताच्या डोक्यावर चोरी घेतोस? आरं, म्या हसलो त्या दिवशी, माझं मला खात होतं. पण तुझ्यासारखं करायची छाती झाली न्हाई."

"न्हाई रं, खरंच चोरलं म्या!"

"व्हय व्हय, चोरलंस," दुसरा म्हणाला आणि त्यानं बाकीच्यांकडं बघून डोळा मारला. "ज्याचं पेव गळ्यापर्यंत भरलंय त्यो पिंपातलं चोरतोय! मेंढ्यासाठी आठ मैल चालणारा माणूस!"

"मला वाटतं त्याचं मन बसलंय तिच्यावर," मागून कुणीतरी कुजबुजलं.

फादर फाटकाशी आले होते. त्यांनी फेस्टीचा हात हातात घेऊन दाबला आणि काही न बोलता मान हलवली. नोनी तर रडायलाच लागली. "असाच आहे हा लहानपणापासून," ती बायकांना सांगत होती.

एवढ्यात डीलिया बाहेर आली. तिनं बघितलं, लोक फेस्टीची पाठ थोपटतायत. एका बाईनं तिला बाजूला घेऊन कानात सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, "नशीबवान हायस. तुझ्यासाठी केवढं बोलला बघ."

"वा," डीलिया म्हणाली आणि डोक्याचा रुमाल घट्ट करून वाटेला लागली.

फेस्टीला वाटलं, जमीन फाटावी. चोरी केली तेव्हा नाव गेलं नाही. कबूल केली तर नाव वाढलं. आणि ती बाई आता पिकात हरलेली आणि वर दुसऱ्याच्या दयेची धनीण.

"चला," तो ओरडला. आवाज फुटला. "समदे चला माझ्या घरी. फादर, तुमी बी चला. बार्टली, चल!"

लोकांना वाटलं, चहा पाजतोय. पाव मैलाची वाट, सगळे निघाले. पुढं चाललेल्या डीलियाला त्यांनी तिच्या दाराशी गाठलं. वाटेच्या अलीकडं तिचं अंगण, पलीकडं त्याचं. ती दारातच थांबली.

फेस्टीनं फावडं घेतलं. अंगातला चांगला कोट तसाच. पेवावर पहिला घाव घातला, माती ओढली, मग पेंढा दोन्ही हातांनी उपसून मागं फेकला.

वास आला तसे पुढचे लोक मागच्यांच्या पायांवर गेले. फादरनी नाकाला रुमाल लावला. फेस्टीनं फावड्यानं काळा रेंदा वर काढला आणि सगळ्यांसमोर जमिनीवर आपटला. मग आणखी एक फावडं. मग आणखी. त्याच्या चांगल्या कोटावर, तोंडावर शिंतोडे उडत होते.

"ह्यो बघा मल्केरिनचा ढीग," तो म्हणाला. "या मागाया. कुणाला पायजे?"

बार्टलीलासुद्धा काही सुचलं नाही, आणि तसं गावानं पहिल्यांदाच बघितलं.

नोनीनं तोंडावर हात धरला होता. "दादा, म्हणजे नाताळला आपण खाल्लं ते... तिच्याच समोर बसून..."

"व्हय."

"मी सहा खाल्ले," ती म्हणाली आणि गडग्यावर बसली.

माणसं एकमेकांकडं न बघता उभी होती. ज्यांनी पाठ थोपटली होती त्यांना आपले हात कुठं ठेवावेत कळेना. मग गर्दी थोडी बाजूला झाली. डीलिया वाट ओलांडून आली होती. पेवाच्या कडेला येऊन तिनं आत पाहिलं, मग फेस्टीकडं पाहिलं. तो चिखलानं माखलेला, फावड्यावर ओणवा, धापा टाकत उभा होता.

"किती निघाले?" तिनं विचारलं.

"आं?"

"माझ्या पिंपांतनं किती निघाले? म्या लावलं, म्या भर दिली. निघालं ते तू बघितलंस. मला ठावंच न्हाई. सांग."

"दोन बादल्या. वर ढीग लावून."

"तसं नगं. एकेका पिंपाचं सांग."

फेस्टीनं लोकांकडं पाहिलं. डीलिया म्हणाली, "त्यांच्याकडं काय बघतोस? मोठ्यानं सांग. म्हंजी त्यांना बी ऐकू जाईल."

तो सरळ उभा राहिला. शाळेत मास्तरांनी उभं केल्यासारखा.

"पहिल्यात," तो म्हणाला, "भिंतीकडच्या. पेंढा काढला तर माती गरम व्हती. बाहेर समदं गोठलेलं. वीतभर खाली लागलं. एका झाडाला नऊ-धा व्हते, एकाला चौदा. म्या मोजलं चौदा."

"चौदा," डीलिया म्हणाली.

"दुसऱ्यात जरा बारीक व्हते पर लई. हात घातला की मूठ भरायची. तिसऱ्यात..." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "तिसऱ्यात एक बी किडका न्हवता. एक बी डाग न्हवता. म्या पन्नास वर्सं रान केलंय. असं स्वच्छ पीक माझ्या हातनं कवा निघालं न्हाई."

"चौथ्यात?"

"चौथ्यात मोठे व्हते. पार तळाला, भोकापर्यंत गेलते. पिंप जरा वाकडं करूनच काढाया लागलं."

"मोठ्यात मोठा केवढा व्हता?"

फेस्टीनं फावडं सोडलं. चिखलानं भरलेली मूठ वळली आणि पुढं धरली. डीलिया जवळ आली, त्या मुठीकडं वाकून बघितलं. खराच बटाटा समोर धरल्यासारखं बघितलं. मग मान वर करून तिनं जमलेल्या माणसांवरून एकेक करून नजर फिरवली. बार्टलीपाशी जरा जास्त थांबली.

"ऐकलंत?" ती म्हणाली.

"ऐकलं," बार्टली म्हणाला.

"बास तर मग."

ती वळली आणि वाट ओलांडून आपल्या घरात गेली. फेस्टी तिथंच उभा राहिला, मूठ अजून तशीच पुढं धरलेली. ती कधी उघडावी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.